बापूंच्या चालीतली सुटी टिंबं

गौतमबापू तिसऱ्या ओळीला थांबले. पेटीवरून हात उचलला आणि परत पहिल्यापासून वाजवलं. परत तिथेच सूर एकदम वर उडाला.

बुलढाण्यातलं माझं डीटीपीचं दुकान. बापू जवळच्या धाड गावचे, जयंतीच्या कार्यक्रमांत गाणारे जुने गायक. घशाच्या ऑपरेशननंतर बोलता येत होतं, गाणं संपलं होतं. त्यांनी बांधलेल्या चाली कागदावर तरी राहाव्यात म्हणून त्यांची मुलगी सुजाताताई नोटेशनचं, म्हणजे स्वरलिपीचं, पुस्तक करून घेत होती. फायनल प्रूफ तपासायला दोघं पेटी घेऊन जीपने आले होते.

"भाऊ, बाबांची चाल अशी नाई," ताई म्हणाल्या.

सॉफ्टवेअर कधी कधी करतं असं, मी म्हणालो.

ते खोटं होतं. आपल्या नोटेशनमध्ये अक्षराखाली टिंब असलं की सूर खालच्या सप्तकातला, डोक्यावर असलं की वरच्या. कोमल सुराखाली आडवी रेघ. सॉफ्टवेअर टिंब अक्षराला बांधून ठेवतं आणि रेघेला लागू नये म्हणून आपोआप खाली सरकवतं. मला ते अंतर जास्त वाटलं. सेटिंगमध्ये कमी करता आलं असतं, पण माझा हात लग्नपत्रिकांवर बसलेला. तिथे गणपती, कलश माउसने ओढून हवा तिथे ठेवायचा. तसंच इथे मी सॉफ्टवेअरने बांधलेली टिंबं काढून सुटी टिंबं नजरेने बसवली. छान दिसत होती. मग ताईंना पुस्तक पिशवीत मावेल असं हवं होतं. मी पेज साइज लहान केला. ओळी नव्या जागी तुटल्या, अक्षरं सरकली, टिंबं होती तिथेच राहिली. खालच्या सुरांची टिंबं भलत्याच अक्षरांच्या डोक्यावर गेली. मी न तपासता प्रिंट काढली.

पहिल्यांदा सूर उडाला तेव्हाच मला हे कळलं होतं.

बापूंनी प्रूफवरच्या त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "छापलेलं बरोबर असंन, सुजाता. मीच इसरलो. गळा गेला, आता चाल बी गेली माही."

प्रूफवर ओके लिहायला ताईंनी पेन उघडलं.

"थांबा ताई," मी म्हणालो. "बापू, चाल तुमची बरोबर हाये. चूक माही हाये, सॉफ्टवेअरची नाई."

"मंग इतक्या येळचा गप काऊन होता बे?" बापूंनी विचारलं.

मी प्रूफ परत घेतलं आणि कॉम्प्युटरवर फाईल उघडली.

सुटी टिंबं सगळी काढली, एकेक करून अक्षरांना बांधली, अंतर सेटिंगमध्ये दिलं. पेज साइज मुद्दाम बदलून पाहिला. टिंबं अक्षरांबरोबर गेली. बापूंनी पूर्ण पुस्तक वाजवलं, मगच छापलं. पण ताई सांगतात, त्या ओळीपाशी ते अजून थांबतात आणि विचारतात, असंच होतं ना?

पानाचा आकार बदलला की प्रूफ नव्याने तपासावं. आणि चूक आपली असेल, तर गिऱ्हाईक स्वतःवर शंका घ्यायच्या आत बोलावं.