आभार आधी, पाणी नंतर

मला नोकरी हवी होती आणि पुण्याच्या एका मदतसंस्थेला बैलगाडीत बसायला नाही न म्हणणारं माणूस हवं होतं. बहात्तरचा दुष्काळ पुढच्या उन्हाळ्यापर्यंत येऊन ठेपला होता. मी नुकतीच बी.ए. झालेली, शाळेची ऑर्डर यायला अवकाश. नेमणुकीचं पत्र इंग्रजीत आलं. हुद्दा ‘चर्च रिलेशन्स कोऑर्डिनेटर’, मुदत तीन महिने, क्षेत्र उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आताचा धाराशिव. आई सोलापूरला मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिनं पत्र दोनदा वाचलं.

"म्हणजे करायचं काय?"

"चर्चच्या मंडळ्यांशी संबंध ठेवायचे."

"त्याचा पगार देतात? मी तीस वर्षं फुकट ठेवतेय."

इतकी वर्षं झाली तरी ओळखीचे लोक विचारतात, त्या भागात जायचं तर कसं जायचं, काय बघायचं. म्हणून आज सगळं एकदाच लिहून टाकते. सोलापूरहून उमरगा शंभरेक किलोमीटर. आज हैदराबादचा रस्ता चांगला रुंद झालाय, गाडी असेल तर चहासकट दोन तास. तेव्हा लाल एसटीला अर्धा दिवस लागायचा, आणि खिडकीच्या काचा खाली असोत की वर, धूळ सारखीच आत यायची. रस्त्याच्या कडेनं मैलोन्‌मैल बायका-माणसं खडी फोडत बसलेली. सरकारी कामावरची मजुरी होती ती. आमची एसटी गेली की सगळे एकदम तोंडावर पदर नाहीतर पंचा घ्यायचे आणि धूळ बसली की पुन्हा हातोडी चालू. माझ्या पिशवीत नवी कोरी डायरी होती, तिच्या पहिल्या पानावर मी ‘उद्दिष्टे’ असं लिहून खाली रेघ मारली होती. खिडकीतून बाहेर बघून ती पिशवी मी सीटखाली सरकवली.

नळदुर्गला गाडी थांबते. किल्ला जरूर बघा. पाऊस चांगला झाला असेल तर पाणीमहालावरून पाणी पडतं आणि माणसं फोटोसाठी रांग लावतात. त्या वर्षी नुसताच महाल होता. स्टँडवरचा चहा मात्र तेव्हाही कडक होता. फक्त चहावाला कप विसळायच्या ऐवजी फडक्यानं पुसून देत होता आणि कुणी तक्रार करत नव्हतं.

उमरग्यात संस्थेचं ऑफिस एका सहकारी सोसायटीच्या गोदामात होतं. साठवायला धान्य नव्हतं, म्हणून फायली साठवल्या होत्या. आमचे साहेब पुण्याचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारे. त्या उन्हाळ्यात त्यांचा शर्ट रोज कुठल्या पाण्यानं धुतला जातो हे गूढ मला शेवटपर्यंत उकललं नाही. बाहेर बोअरची गाडी उभी होती. तिच्याकडे बघायला रोज आसपासच्या गावांतून माणसं यायची. काही बोलायची नाहीत, टायरला हात लावून निघून जायची.

साहेबांनी काम समजावलं. गाडी आपल्याकडे थोडेच दिवस आहे, गावं पुष्कळ आहेत. ज्या गावच्या मंडळीचं आभारपत्र येईल तिथं गाडी जाईल. बोअर चर्चच्याच आवारात मारायचा, कारण पैसे चर्चचे आहेत.

"पण साहेब, पाणी लागायच्या आधी आभार?"

"पाणी लागेल हो. परदेशातल्या मंडळ्यांसाठी पत्रिका छापायला जायचीय. छापखाना पाण्यासाठी थांबत नाही."

मी मान डोलावली. पहिला पगार अजून व्हायचा होता.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कर्नाटकच्या हद्दीकडे, फाट्यावर उतरून तासभर बैलगाडी, एवढंच सांगते. आज तिथं डांबरी सडक आहे आणि फाट्यावर भजी छान मिळतात. तेव्हा गाडीवानानं मला बघून बैलांना विचारल्यासारखं मोठ्यानं विचारलं, "ही कुणाकडची म्हणायची?"

गावात ख्रिस्ती घरं सहा. त्यांना लागूनच बौद्धांची घरं. सगळे एकमेकांचे चुलत, मावस, आते. चर्चचे पाळक याकोबराव साठीचे, उंच, कोटाला एकच बटण. त्यांचे सख्खे चुलतभाऊ सोपानराव छप्पन्नच्या पुढं बौद्ध झालेले. दोघं रोज संध्याकाळी एकाच ओट्यावर बसून एकमेकांना चुकीच्या वाटेवर गेल्याचं सांगत आणि एकाच चिलमीतून ओढत. पाळकांनी चिलीम ओढलेली मंडळीला माहीत नव्हती. म्हणजे मंडळीनं तसं ठरवलं होतं.

दोन्ही वस्त्यांचा आड एकच. तळाशी काळा कातळ आणि एका फटीतून पाझर. पाझराची पाळी लागलेली असायची. प्रत्येक घराला ठरलेला वेळ. घरातलं एक माणूस दोरानं खाली उतरायचं आणि वाटी-वाटीनं घागर भरायचं. पाळी चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत ओठ चाटत बसा. पाहुणा आला म्हणून पाळी वाढत नसे. हे मला कुणी सांगितलं नाही. पहिल्या सकाळी मी पाळकांच्या अंगणात तांब्या घेऊन, साबण लावून, चूळ भरून, व्यवस्थित तोंड धुतलं. वर बघते तो शेजारच्या दोन्ही घरांच्या दारांत बायका उभ्या. कुणी रागानं बघत नव्हतं. लग्नातली आतषबाजी बघावी तसं बघत होत्या. पाळकांची बायको, जिला सगळे मामी म्हणत, ती त्या दिवशी दुपारपर्यंत पाणी प्यायली नाही. ते मला संध्याकाळी कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवायला मिलोची, म्हणजे मदतीत आलेल्या अमेरिकी ज्वारीची, लाल भाकरी. मामी म्हणाली, "खा पोरी. लई लांबून आलीय ती. तुझ्याहून लांबून."

तिसऱ्या दिवशी मी पाळकांसमोर कोरा कागद ठेवला आणि आभारपत्राचं सांगितलं. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली.

"पाणी कुठंय?"

"लागेल. पत्र आधी हवंय."

"बाई, आगाऊ आभार मानायची आमाला सवय हाय. रोजच्या प्रार्थनेत मानतो. पण ते देवाचे. हापिसाचे कसे मानू? हापिस काय देव न्हाय."

ओट्यावरून सोपानराव म्हणाले, "माझा तर देवावरबी इश्वास न्हाय. पण याकोब्या खरं बोलतोय."

आणि जागेचंही दोघांचं एकमत होतं. चर्चच्या आवाराखाली नुसता कातळ. पाणी असलंच तर सोपानरावांच्या घरामागं, ओढ्याच्या वळणाला. तिथलं उंबराचं झाड त्या उन्हाळ्यातही हिरवं होतं. मी त्यांना नियम सांगितला. पाळक म्हणाले, "पाण्याला न्हाय सांगितलाव का नियम?"

मी उमरग्याला परत आले तेव्हा साहेबांच्या टेबलावर बाकीच्या गावांची आभारपत्रं रचलेली होती. एकाहून एक गोड. कुठल्याच गावात अजून बोअर झाला नव्हता. साहेब म्हणाले, "तुमच्या गावाचं आज आलं नाही तर गाडी पुढच्या गावाला जाईल. मग या वर्षी विषय संपला."

मला त्या फटीतला पाझर दिसत होता. गोदामाच्या पायरीवर बसून मी पत्र लिहिलं. काय सुंदर लिहिलं म्हणून सांगू! ‘आमच्या ओसाड अंगणात झरा फुटला आहे. आमची लेकरे ओंजळीने पाणी पीत आहेत.’ कॉलेजात निबंधाला बक्षीस मिळालेली मुलगी होते मी. खाली ‘याकोब, पाळक’ अशी सही ठोकली, शेवटी एक म्हातारी थरथरती शेपटीही काढली. साहेबांनी वाचून डोळे पुसले. माझा हुद्दा मला त्या दिवशी खऱ्या अर्थानं कळला.

चार दिवसांनी मला घेऊन गाडी गावात आली. सगळं गाव जमलं. चर्चच्या आवारात, साहेबांच्या नकाशावर जिथं फुली होती तिथं, बोअर सुरू झाला. दुपारपर्यंत दीडशे फूट गेला. मग दोनशे. पांढरी कोरडी धूळ उडत होती. बायका, माणसं, बैल, चर्चचा क्रूस, सगळे एका रंगाचे झाले. घागरी घेऊन आलेल्या बायकांनी त्या हळूहळू उलट्या घातल्या आणि त्यांच्यावर बसल्या.

ड्रिलरनं मशीन थांबवलं. पाळक त्याला म्हणाले, "ओढ्याच्या वळणाला एकदा मारून बघा." तो म्हणाला, एका गावाला एकच बोअर. आणि त्यानं सहीसाठी कागद पुढं केला. पाळकांनी चष्मा लावून तो वाचला. गावाच्या नावापुढं टाइप केलेलं होतं: ‘पाणी लागले. पाळकांचे आभारपत्र प्राप्त.’

"कुणी दिलं पत्र?"

ड्रिलरनं खांदे उडवले. पाळकांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर धूळ होती म्हणून बरं.

"मी लिहिलं," मी म्हणाले. "तुमच्या नावानं."

ते रागावले असते तर चाललं असतं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "चाळीस वर्सं ह्या गावात माझी सही चालती, बाई. लग्नाला, मयताला, शाळेच्या दाखल्याला. आता कागदावर आमच्या गावाला पाणी लागलंय. आमी कुणाला सांगायचं, लागलं न्हाय म्हणून? कोण इश्वास ठेवणार?"

गाडी धूळ उडवत निघून गेली. खरं तर त्या गावाचं पाणी मी तोडलं होतं, तेही बक्षीसपात्र मराठीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाळक आणि मी उमरग्याला निघालो. एसटीत ते पुढच्या सीटवर बसले, मी मागच्या. तिकीटसुद्धा ज्याचं त्यानं काढलं. गोदामात त्यांनी साहेबांना सरळ सांगितलं, "ती सही माझी न्हाय. पाणी लागलं न्हाय."

साहेब पांढरे पडले. मला वाटलं, सत्याचा परिणाम. तसं नव्हतं. टेबलावर पुण्याहून आलेली तार पडली होती. पत्रिका छापून झाली होती, पुण्यात आलेल्या परदेशी पाहुण्यांना सगळ्यांत जास्त माझंच पत्र आवडलं होतं, आणि ते पुढच्या आठवड्यात तो झरा बघायला येत होते.

मग जे चर्चच्या नियमानं झालं नाही, पाझराकडं बघून झालं नाही, ते अब्रूच्या भीतीनं तासाभरात झालं. गाडी उलटी फिरली. उंबराजवळ ऐंशी फुटांवर पाणी लागलं. आधी चिखल उडाला, मग गढूळ, मग स्वच्छ. मामी पुढं गेली, धारेखाली दोन्ही हात धरून उभी राहिली आणि मोठ्यानं रडली. मीही रडले, पण मागं, गर्दीत. जागा सोपानरावांची, पण फाइलमध्ये ती ‘चर्चचे आवार (विस्तारित)’ झाली. हे पाळकांनी लिहायला नकार दिला, साहेबांनी स्वतः लिहिलं.

पाहुणे आले. हापशाला झेंडूच्या माळा होत्या. त्या वर्षी झेंडू कुठून आला कुणास ठाऊक. साहेबांनी माझं पत्र मोठ्यानं वाचलं, आधी मराठीत, मग इंग्रजीत. पाहुण्या बाईंनी रुमाल काढला. तेवढ्यात पाळक उठले.

"हे पत्र माझं न्हाय," ते म्हणाले. "माझं आता ऐका. देवाचे आभार. आणि जागा दाखविली म्हणून ह्या सोपानाचे आभार. झालं."

पाहुण्यांनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी इंग्रजीत सांगितलं, "त्यांना भावना आवरत नाहीयेत. ते संस्थेचे फार ऋणी आहेत." टाळ्या पडल्या.

निघताना मी पाळकांच्या पाया पडायला वाकले. ते मागं सरकले.

"बाई, माफी देवाकडं मागा. तो लगीच देतो. मला वेळ लागंल."

साहेबांनी मला मुदतवाढ देऊ केली. ‘उत्कृष्ट संबंध’ असा शेरा होता. मी सोलापूरला परत आले, शाळेची ऑर्डर आली, आणि बत्तीस वर्षं मी मुलांना मराठी शिकवलं. पत्रलेखनाच्या धड्याला माझा वर्ग गप्प असायचा, कारण त्या दिवशी बाई उगाचच चिडायच्या. त्या तीन महिन्यांतलं माझ्याजवळ फार काही उरलं नाही. डायरी कोरीच राहिली. पाणी मी वाया घालवत नाही, पण ते काय, सगळेच म्हणतात. गावात पाणी आलं, म्हणजे शेवट गोड, असं लोक मला समजावतात. मलाही ते पटवून घ्यायचं होतं. तरी दर नाताळाला मी पाळकांना पत्र टाकत होते आणि दर नाताळाला उत्तर येत नव्हतं. आई म्हणायची, "सोड आता. किती वर्षं?" मी सोडलं नाही.

अकराव्या वर्षी, भर मे महिन्यात, कार्ड आलं. अक्षर सोपानरावांच्या नातीचं, मजकूर पाळकांचा.

‘हापसा बिघडलाय. पंचायत समितीला अर्ज द्यायचाय. मला आता दिसत न्हाय. तुझं अक्षर चांगलं हाय, लोक वाचून रडतात. ये आणि लिहून दे. जे खरं हाय तेवढंच लिही. सही माझी मी करीन.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उमरग्याच्या गाडीत बसले होते.