शामकलाबाईंचं नाक

जगात घाण फार आहे आणि तिच्यातली बरीचशी आपल्याच घरात शिरायला टपून बसली आहे, अशी फुलचूरच्या शामकलाबाईंची पक्की समजूत. लोणच्यावर टिकलीएवढी बुरशी दिसली की अख्खी बरणी उकिरड्यावर जायची आणि त्या दिवशी बाई दोनदा आंघोळ करायच्या. अशा बाईला सून मिळाली ती बुरशी पाळणारी.

प्रेरणा धानाची तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, चिरून वाफवायची, गार झाल्यावर तिच्यात अळिंबीचं बी मिसळायची आणि साच्यांत दाबून भरायची. बुरशीचे पांढरे तंतू तणशीला असे आवळून बांधतात, की वाळवल्यावर थर्माकोलसारखी हलकी पेटी तयार. निदान प्रशिक्षणात तरी तसं झालं होतं. घरी पहिल्या दोन्ही खेपा भलतीच बुरशी चढून हिरव्या पडल्या आणि सडल्या. तेही मागच्या खोलीत, जिथे एरवी शामकलाबाईंच्या कुरड्या राहत.

"आमी बुरशी लागू नाई म्हून जीव टाकतो, आन् हे बाई तिले खाऊ घालून राहिली! थू!"

शेवटी मुलाने, भूपेंद्रने, दोघींच्या मध्ये जीव मुठीत धरून करार केला. तिसरी खेप हिरवी पडली तर खोली आईची. पांढरी निघाली तर प्रेरणाची, कायमची.

तिसऱ्या खेपेच्या सकाळी शामकलाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या, मनातल्या मनात कुरड्यांचे डबे परत मांडत होत्या. चुलीवरच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, तणीस वाफत होती. मोबाइल वाजला, प्रेरणाने झाकण काढलं आणि भिजल्या कुत्र्यासारखा वास अंगणभर पसरला.

बाईंनी पदर नाकाला लावला. खोली परत मिळवायला फक्त गप्प बसायचं होतं. दोन मिनिटं.

"काऊन वो, काढून राहिली का?"

"झाली ना आई. टाइम बराबर लावला होता."

"मोबाइलाले नाक हाय का? कच्ची हाय ते! उसना धान असा काढला असता तं माया सासूनं गंजासंगट मलेच बाहेर फेकलं असतं!"

तीस वर्षं धान उसनलेली, म्हणजे उकड्या तांदळासाठी वाफवलेली, बाई उठली. शिव्या घालत तिने गंजाच्या तोंडाला ओलं पोतं आवळलं, जाळ वाढवला आणि पेजेसारखा गोड वास सुटेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. "आता धू हात. कोपरापर्यंत. नखं दाखव! शी, याच नखांनं भाजी चिरतेस?" साचेही तिने उकळत्या पाण्यातून काढायला लावले.

दहाव्या दिवशी खोली उघडली. सगळे साचे पांढरेफेक. हिरवा ठिपका औषधालासुद्धा नाही. प्रेरणा तशीच पाया पडायला धावली.

"शिवू नोको मले! त्या हातांनं तं नाईच!"

"आई, खोली गेली," भूपेंद्र हळूच म्हणाला.

"दिसते मले. आंधळी नाई मी."

साच्यांकडे न बघता, श्वास रोखून, शामकलाबाईंनी खोलीत उरलेला कुरड्यांचा शेवटचा डबा उचलला. दारात मात्र थांबल्या.

"पुढच्या खेपेले चूल पेटवाच्या आंधी मले हाक मारजो. तुयी वाफ पाहून मळमळते मले."