फुलं काढलेल्या चौकटी

त्या शाळेत आता सातवी ‘ब’ नाही, आणि तिच्या वर्गशिक्षिका बाईही तिथं नाहीत. बी.एड.च्या सराव पाठांसाठी मला धायरीला पाठवलं, तेव्हा दोन्ही होत्या.

मी विदर्भातल्या एका लहान गावातून पुण्यात आलेली, घरातली पहिली पदवीधर. आमच्या गावच्या शाळेतल्या बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात नावानं हाक मारली होती. त्याचं अप्रूप मला अजून आहे. म्हणून मी ठरवलं होतं, या वर्गातलं प्रत्येक मूल आठ दिवसांत नावानं ओळखायचं.

आठ दिवस झाले तरी आकडा जुळेना. हजेरी बाई स्वतः घ्यायच्या, नंबरानं. त्रेचाळीस नंबर, त्रेचाळीस वेळा ‘हजर’. बाकांवर मुलं मात्र एकतीस. मी नीट कान दिला. एकोणीस नंबरला खिडकीजवळून आवाज आला. चोवीसलाही तिथूनच, फक्त जरा घोगरा. कुणी हसलं नाही. मुलं हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, “एकोणीस नंबर कुठाय गं?”

“त्यो इंग्लिशला गेला, बाई. पिवळ्या बसनं जातो. पण हितं हजर हाय.”

हे बाईंच्या कानावर गेलंच. “मॅडम, आपण शिकवायला आलात की शिरगणतीला?” त्यांनी विचारलं. मग खडू खाली ठेवून सरळ सांगितलं. शहरात कंपन्या आल्या, तशा गावातल्या जमिनी विकल्या गेल्या, इमारती उठल्या. माणसं वाढली आणि मराठी शाळेतली मुलं कमी झाली. पट घसरला की एक तुकडी बंद होणार आणि बाई अतिरिक्त ठरणार. मग नेमणूक जिल्ह्यात कुठंही. बाईंचं घर शाळेमागच्याच गल्लीत होतं. त्यांचे यजमान अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. रोज मधल्या सुट्टीत त्या घरी जाऊन त्यांना भरवून यायच्या.

“जूनपासून भोरहून येऊन भरवू का?” त्या म्हणाल्या.

मी हे कुणाला सांगणार नव्हते.

शेवटच्या पाठाला आमच्या कॉलेजचे सर परीक्षणाला येणार होते. वर्गाच्या बैठकीच्या तक्त्याला वेगळे गुण असायचे. रविवारभर खपून मी तो कार्डशीटवर तयार केला. प्रत्येक जागेला एक चौकट आणि तिथं बसणाऱ्या मुलाचं नाव, ठळक अक्षरात. बारा चौकटी उरल्या. ओक्याबोक्या दिसू नयेत म्हणून त्यांत फुलं काढली.

त्या दिवशी लवकर जाऊन मी तक्ता फळ्याशेजारी टांगला. घंटा झाली आणि वर्ग भरला. गच्च भरला. कधी न पाहिलेली बारा मुलं रिकाम्या जागांवर येऊन बसली होती. काहींचे गणवेश खांद्यावरून घसरत होते. माझ्याकडे एकही बघत नव्हतं.

बाई दारातून हळू आवाजात म्हणाल्या, “विस्तार अधिकारी पट पडताळायला येतायत. तुम्ही प्रश्न पुढच्या बाकांनाच विचारा.”

मी मान हलवली. माझी पाठ तक्त्याकडे होती. मागच्या भिंतीशी सर बसले होते, आणि पहिला प्रश्न विसरू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पाठ निम्मा झाला असताना अधिकारी आले. त्यांनी मुलं मोजली. त्रेचाळीस भरली. तसं वहीत लिहून ते जायला वळले आणि तक्त्यापाशी थांबले.

“काम नीटस आहे,” ते मला म्हणाले. “ही फुलं कोण?”

मी वळून पाहिलं. बाई दारातच उभ्या होत्या. अधिकाऱ्यांनी एका फुलावर बोट ठेवलं, मग तेच बोट त्या बाकाकडे नेलं.

“उभा राहा. कितवीत आहेस?”

“पाचवीत, सर.”

त्यांनी तक्ता उतरवला, गुंडाळला आणि काखेत घेतला. मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाईंना ऑफिसात बोलावणं आलं. जाता जाता त्यांनी पर्समधून किल्ली काढून माझ्या हातात दिली.

“भात मऊ कालवा. डाव्या बाजूनं भरवा, नाहीतर ठसका लागतो.”

मी गेले. त्यांच्या यजमानांनी मला ओळखायचा प्रश्नच नव्हता, पण हातातली किल्ली त्यांनी ओळखली.

“ती नाही आली?” शब्द जड येत होते.

“शाळेत साहेब आलेत.”

त्यांनी विचारलं, “पोरं पुरली का?”

मी घास डाव्या बाजूला नेला.

“पुरली,” मी म्हणाले.