खटक्याचं पिस्तूल

काही घरांत लोणची साठतात, आमच्याकडे पिस्तुलाचे किस्से साठले. तेही एकाच हंगामात!

लग्न होऊन मी यवतमाळला आले आणि लगेच यांना हत्याराचा परवाना मिळाला. कापूस खरेदीची रोकड घेऊन हे बोरी अरबला जात; वाटेत जंगल. यांना हवं रिव्हॉल्व्हर, चाप ओढला की उडालं! मामंजींना हवं खटक्याचं पिस्तूल. खटका वर असला की चाप दाबूनही गोळी सुटत नाही. मला कोण विचारतो? पण एका पायात चप्पल, एका पायात बूट घालून बाजारात जाऊन आलेला माणूस आता कमरेला हे बांधणार, म्हणून मी देवीला नवस बोलले.

*

नागपूरला दुकानात गेलो. लुगड्याच्या निमित्तानं मीही. दुकानदारानं दोन्ही रिकामी करून समोर ठेवली.

हे म्हणाले, "अन् दरोडेखोर आला तं खटका खाली करत बसू काय?"

मामंजी म्हणाले, "तोवर त्याले च्या पाज!"

दुकानदार पिस्तूल दाखवत म्हणाला, "मुठीतही एक खटका आहे. मूठ घट्ट आवळली तरच चालतं."

"दोन-दोन कुलपं!" मामंजी खूश.

"मंग तिजोरीच घ्या ना, कमरेले बांधतो!"

*

शेवटी यांनी रिव्हॉल्व्हर कोटात ठेवून झटकन काढून दाखवायचं ठरलं. ते अस्तरात अडकलं, यांनी हिसका दिला, आणि खट्ट! नळी स्वतःच्याच मांडीवर!

मामंजी शांतपणे दुकानदाराला म्हणाले, "हा पाय गेला. आता उरलेल्या पायासाठी खटक्याचं द्या."

*

घरी सासूबाईंनी पिस्तुलाला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. एक तांदूळ बरोब्बर खटक्यात जाऊन बसला. खटका हलेना!

"राहू दे तसंच," मामंजी म्हणाले, "याच्याहून भारी सेफ्टी कोणती?"

शेवटी माझ्या केसांतल्या आकड्यानं तो तांदूळ निघाला.

*

पिस्तूल कोणाला दिसू नये म्हणून हे वर कोट घालत. फाल्गुनातल्या उन्हात! पहिल्याच दिवशी बाजारात एकानं विचारलं, "काय भाऊ, पिस्तूल आणलं वाट्टे?"

"तुले कोणं सांगतलं?"

"एवढ्या तपनीत कोट घालून कोण फिरते बाप्पा!"

*

एकदा मी बोरी अरबला मामेसासूबाईंकडे गेले होते. संध्याकाळी यांच्याबरोबर दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून परत निघाले. सागाच्या जंगलात आलो, आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस झाडामागून धावत आला. त्यानं सरळ बैलाची वेसण धरली!

यांनी पिस्तूल उपसलं. मी शेजारीच होते. बोट चापावर दाबलेलं दिसलं. काहीच झालं नाही. यांनी पुन्हा दाबलं. तरीही नाही! खटका वरच होता. हे तो खाली करायचा साफ विसरले होते.

त्या माणसानं दुपट्टा सोडला. माझे बाबा! आम्हाला भेटायला निघालेले, बस वाटेत बंद पडलेली, धुळीपायी दुपट्टा गुंडाळलेला, लांबून आमची दमणी ओळखलेली.

यांचा पिस्तुलाचा हात तसाच पुढे. बाबा जवळ आले, वाकून नीट पाहिलं आणि कौतुकानं म्हणाले,

"वा जवाईबापू, नवं घेतलं वाट्टे! घरी गेल्यावर दाखवलं असतं तं नसतं चाललं काय?"