जेवताना वाचलेली पुस्तकं

आमच्या बोर्डिंगात जेवणात पापड नसायचा. गरिबी हे त्याचं कारण नव्हतं. उन्हाळ्यात गावोगावच्या बाया डबे भरभरून पापड आणून द्यायच्या आणि ते कोठीत सादळून जायचे. कारण एवढंच की पापड वाजतो, आणि आमच्याकडे जेवताना वाचन चालायचं.

नीट सांगतो. राहुरीच्या बाजूला, साखर कारखान्याचा भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर, चर्चच्या आवारात हे बोर्डिंग होतं. ज्या पोरांना पुढं फादर व्हायचं असे, किंवा त्यांनी व्हावं असं ज्यांच्या आयांना वाटे, त्यांना दहावीनंतर दोन वर्षं तिथं ठेवत. सकाळी चर्चमधली उपासना, म्हणजे मिस्सा, मग कॉलेज, संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना. आणि या सगळ्याच्या मध्ये वाचनक्रम. जुन्या वळणाच्या कॅथलिक शाळांतून जी पुस्तकं वाचल्याशिवाय पोराला पुढं सरकू देत नाहीत, ती सगळी आम्हाला होती. ग्रीकांची नाटकं, रोमन लोकांची भाषणं, संतांनी स्वतःच्या पापांच्या सांगितलेल्या हकिगती, तर्कशास्त्र. लॅटिन तर मानगुटीवरच बसलेलं.

हा सगळा कारभार एका फादरांचा. मूळचे वसईकडचे, उंच, कोरड्या आवाजाचे. त्यांचा नियम असा की दुपारच्या जेवणाला एकानं कोपऱ्यातल्या उंच मेजाशी उभं राहून वाचायचं आणि बाकीच्यांनी मुकाट जेवायचं. वाचणाऱ्यानं आधी इंग्रजीतला उतारा वाचायचा, मग तोच आपल्या मराठीत सांगायचा. कुणी न समजता नुसताच घडाघडा वाचत गेला, की फादर भाकरीवरची नजरही न उचलता एकच शब्द म्हणायचे, ‘‘पुन्हा.’’ मग ते वाक्य परत. पुन्हा चुकलं तर पुन्हा. खाली बसलेल्यांच्या ताटातलं पिठलं निवून त्यावर साय धरायची, पण समजल्याशिवाय पुढचं वाक्य नाही म्हणजे नाही.

माझी आई एकदा भेटायला आली ती नेमकी जेवणाच्या वेळेला. खिडकीतून बघत उभी राहिली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘आरं, ही काय तऱ्हा म्हनायची? पोरास्नी दोन घास सुखानं खाऊ देत न्हाईत. मयताचं जेवान हाय का काय?’’ मी तिला समजवायला गेलो, तर म्हणते, ‘‘व्हय व्हय, लई शाना झालास. हात किती वाळलेत बघ.’’

तिचंही खरं होतं. पण मला त्या वाचनाची चटक लागली होती, हे तिला कसं सांगणार? माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. त्यांचा नातू कुठल्याशा ग्रीक राजाच्या दुःखावर भाकरी मोडत होता, आणि ते दुःख त्याला कळत होतं. मेजाशी उभा राहून मी वाचायचो तेव्हा सगळी पोरं घास हातात धरून थांबायची, असंही कधी कधी व्हायचं. तसं सुख मला परत मिळालं नाही.

ही पुस्तकं का वाचायची, हे मात्र फादरांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. वाढलेलं खायचं, समोर आलेलं वाचायचं.

मी फादर झालो नाही. लग्न करावंसं वाटलं, केलं. शेवगावला एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो. लग्नानंतर सासरवाडीत पहिल्यांदा पंगतीला बसलो, तर सवयीनं मान खाली घालून मुकाट जेवलो, पापडाला हातही लावला नाही. झालं! आत कुजबुज सुरू झाली, जावई रुसले. सासरे हात जोडून उभे, ‘‘जावईबापू, मानपानात काही कमी पडलं का?’’ मेव्हणा तर अंगठी आणायला सोनाराकडे निघाला होता. बायकोनं अजून त्यावरून टोमणे मारणं सोडलेलं नाही.

बोर्डिंग पुढं बंद पडलं. फादर व्हायला पोरं मिळेनात. इमारतीत शाळेचे वर्ग भरू लागले. राहिली ती एक खोली, जेवणघराला लागून, आणि तिच्यात ती पुस्तकं. किल्ली माझ्याकडे असायची. दिवाळीच्या आणि मेच्या सुटीत मी जाऊन वाळवी बघायचो, पुस्तकांना ऊन दाखवायचो. मनात एक खूळ होतं, की निवृत्त झालो की हा वाचनक्रम परत सुरू करायचा. फादर व्हायचंय त्यांच्यासाठीच असं नाही, कुणाही पोरापोरीसाठी. दुपारी भाकरी, आणि कोपऱ्यात कुणीतरी उभं राहून वाचतंय.

निवृत्त झालो आणि तिथल्या नव्या फादरांना भेटलो. तरुण माणूस, मोटारसायकलवर फिरणारा, बोलायला लाघवी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘सर, मला आवडलं. पण चर्चचा कारभार बघणाऱ्या कौन्सिलला ती खोली अभ्यासिकेसाठी हवी आहे. पोलीस भरती, तलाठी, बँक, पोरं घरी कुठं अभ्यास करणार? पुढच्या महिन्यात बैठक आहे. तुम्ही या. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाच्या पोरानं ही पुस्तकं का वाचायची, एवढंच त्यांना पटवून द्या. पटलं तर खोली तुमची. नाही पटलं तर पुस्तकं हलवावी लागतील.’’

का वाचायची. अहो, एवढा साधा प्रश्न! आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, लोक मला सर सर करतात, आणि या प्रश्नापुढं माझी बोबडी वळली. कागद घेऊन बसलो. लिहिलं, माणूस घडतो. खोडलं. लिहिलं, विचार करायला शिकतो. तेही खोडलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे बोलतात तसलं सगळं. आमच्याबरोबर ज्यांनी ही पुस्तकं वाचली त्यांतला एक टेम्पो चालवतो, एक शिर्डीत हार-प्रसादाच्या दुकानात बसतो, एक दारूनं गेला. त्यांचं काय घडलं म्हणून सांगू? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार.

मग वाटलं, ज्यांनी वाचायला लावलं त्यांनाच विचारू. फादर नगरला म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या घरात होते. मागच्या नाताळात भेटलो तेव्हा त्यांनी मला ओळखलं होतं, माझ्या लॅटिनची थट्टासुद्धा केली होती. त्यांच्याकडे उत्तर असणारच. त्यांनी एक वाक्य दिलं, की ते मी बैठकीत जसंच्या तसं सांगणार होतो.

त्या खोलीतून एक पुस्तक काढून घेतलं, फादरांच्या आवडीचं, आणि एसटीनं नगरला गेलो. जेवणाची वेळ होती. फादर पलंगावर उशांना टेकून बसलेले, गळ्याला फडकं बांधलेलं. एक तरुण सिस्टर त्यांना चमच्यानं पेज भरवत होत्या. एवढा उंच माणूस, पण पलंगावर पाय कुठं संपतात ते कळत नव्हतं. मी नाव सांगितलं. गाव सांगितलं. फादर भिंतीकडे बघत राहिले. सिस्टर म्हणाल्या, ‘‘पावसाळ्यापासून असंच आहे, सर. बसा तुम्ही.’’

मी बसलो नाही. काय मनात आलं कुणास ठाऊक, पलंगाच्या पायथ्याशी जाऊन ताठ उभा राहिलो आणि पुस्तक उघडून वाचायला लागलो. एका म्हाताऱ्या राजाचा विलाप. इंग्रजी वाचलं, मग आपल्या मराठीत सांगायला सुरुवात केली.

‘‘पुन्हा,’’ फादर म्हणाले.

तोच आवाज, तीच कोरड. मान वर न करता. मी हसलो, डोळे भरून आले, सिस्टरांकडे बघितलं, ऐकलंत ना? आणि खरंच एक शब्द मी गिळला होता! वाक्य परत वाचलं, या वेळी एकेक शब्द नीट.

‘‘पुन्हा.’’

परत वाचलं. काय चुकतंय ते कळेना. मी निवृत्त माणूस सोळा वर्षांच्या पोरासारखा घाबरलो.

‘‘पुन्हा.’’

सिस्टरांनी चमचा वाटीत ठेवला. हळूच म्हणाल्या, ‘‘सर, वाईट वाटून घेऊ नका. ते सगळ्यालाच तसं म्हणतात. तेवढा एकच शब्द राहिलाय. काल इंजेक्शन दिलं, तरी म्हणाले पुन्हा.’’

मला ते खरं वाटेना. खरं वाटून घ्यायचं नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि शेजारच्या स्टुलावर ओआरएसचं पाकीट पडलं होतं ते उचलून त्याच सुरात वाचलं, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात संपूर्ण पाकीट विरघळवा.

‘‘पुन्हा,’’ फादर म्हणाले.

तेव्हा मात्र मला राग आला. त्यांचा, देवाचा, त्या पाकिटाचासुद्धा. समजून वाचलेलं कुठलं आणि न समजता वाचलेलं कुठलं, हे ज्या कानांना भाकरी खाता खाता कळायचं, त्या कानांची ही गत करायची? मी उशाशी जाऊन खाली वाकलो आणि जवळजवळ ओरडलोच, ‘‘फादर, ही पुस्तकं आम्हाला का वाचायला लावलीत? एवढं सांगा. मला बैठकीत सांगायचंय.’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे स्वच्छ, धुतल्यासारखे. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

‘‘पुन्हा.’’

मी परत विचारलं. नंतर सिस्टरांनी मला बाहेर नेऊन पाणी दिलं.

बैठक रविवारी मिस्सेनंतर झाली, त्याच जुन्या जेवणघरात. माझी पाळी आली तेव्हा उभा राहिलो. जे खोडलं होतं तेच बोललो, माणूस घडतो, विचार करायला शिकतो. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, जुन्या माणसाचं ऐकून घेतात तसं. कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, ‘‘सर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण हे वाचून पोरगं लागतं कुठं, तेवढं सांगा.’’ मग मागून एक बाई उठली. शेतमजुरी करणारी, हात कापसाच्या बोंडांनी ओरखडलेले. म्हणाली, ‘‘सर, माजी पोरगी भरतीचा अभ्यास करतीया. घर एका खनाचं. मालक टीव्ही लावत्यात, म्हातारी खोकती. पोरगी मोरीत बसून वाचती वो. तिला ती खोली मिळू द्या.’’

एखादा दुष्ट माणूस समोर असता तर भांडलो असतो. त्या पोरीला खोली मिळायला नको, असं म्हणायला जीभ उचलेना. खिशातून किल्ली काढून नव्या फादरांच्या हातात दिली. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. भला माणूस आहे, त्यात वाद नाही.

पुस्तकं न्यायला टेम्पो आला. आधी पुण्याच्या एका संस्थेला विचारून झालं होतं, त्यांच्याकडे या सगळ्या प्रती होत्या, शिवाय वाळवी न लागलेल्या. म्हणून रद्दीवाला. त्याच्या माणसांनी गठ्ठे बांधले, तागडीवर चढवले. मी ओसरीवर उभा होतो. बायको आली होती सोबत, एरवी टोमणे मारणारी, पण त्या दिवशी प्रत्येक गठ्ठ्यावरची धूळ पदरानं पुसत होती. खोली रिकामी झाल्यावर आत जाऊन बघितलं. भिंतीवर कपाटांच्या जागी चुन्याचे पांढरे पट्टे होते. जेवणघरातलं ते उंच मेज तेवढं त्यांनी ठेवून घेतलं, त्याच्यावर पाण्याचा जार ठेवायचाय म्हणे.

आता अभ्यासिका चालू आहे. पोरं-पोरी प्लायवूडच्या खणांत बसून गाईड पाठ करतात. ती कापूस वेचणाऱ्या बाईची मुलगीही असते, खिडकीजवळ. तिला नोकरी लागो, मनापासून म्हणतो. पण माझ्यामागं त्या पुस्तकांचं या मुलखात कुणी नाही. आणि ती का वाचायची हे मला अजूनही सांगता येत नाही. येत असतं तर ती राहिली असती.

पुढच्या आठवड्यात नगरला गेलो. सांगायला तर हवंच होतं, पुस्तकं त्यांची. तीच वेळ, तीच पेज. या वेळी काही वाचायला नेलं नव्हतं, होतंच काय न्यायला. पायथ्याशी उभा राहून म्हटलं, ‘‘फादर, पुस्तकं गेली. खोली रिकामी झाली. मला नाही वाचवता आली.’’

फादर भिंतीकडे बघत होते.

‘‘पुन्हा,’’ ते म्हणाले.

मी खुर्ची जवळ ओढली, बसलो, आणि त्यांना परत पहिल्यापासून सांगितलं.