मामांचा अर्धा काटा आणि सांगलीला निघालेली हळद

धाकट्या भावाचं लग्न सांगलीत ठरलं आणि उष्टी हळद कोण पोचवणार यावर आमच्या साताऱ्याच्या घरात दोन दिवस खल झाला. सकाळी नवरदेवाला लावलेली हळद त्याच दिवशी नवरीला लागायला हवी, दुपारी चारला. वऱ्हाड रेल्वेने दुसऱ्या दिवशी निघणार. "माझी गाडी कशाला आहे?" मामा म्हणाले, आणि करवली म्हणून हळदीची वाटी माझ्या मांडीवर आली.

मामांची गाडी म्हणजे लढाईच्या आधीचा पिकअप ट्रक. त्याचा पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. टाकी भरली तरी अर्ध्यावर, गाडी आठवडाभर हिंडून आली तरी अर्ध्यावर. मामांना त्यात काही वावगं दिसत नसे. "गाडी खातेच कमी," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. चालवायला गणपा, पलटणीतून नुकताच सुटून आलेला.

नऊला निघालो. उंब्रजपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे धूळ फार, डोक्याला फडकं हवंच. कराडला चहा आणि कांदाभजी घ्यावी, पण भजी समोर तळून मागावी, नाहीतर सकाळची गळ्यात मारतात. पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळायचं. पंपापाशी गणपाने गाडी हळू केली.

"मालक, काटा खोटं बोलतोय. हितंच भरून घिऊ."

"कुपनं परतीला लागतील," मामा म्हणाले. "काटा विलायती आहे. त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

इस्लामपूर सोडून आष्ट्याकडे निघालो आणि दोन्हीकडे उसाच्या मधोमध गाडी आचके देत थांबली. दीड वाजला होता. मामांनी काचेवर टिचकी मारली. काटा अर्ध्यावर.

"अर्धं शिल्लक आहे," मामा म्हणाले.

"मग तुमी चालवा," गणपा म्हणाला.

टाकी सीटखाली होती. आम्हाला उतरवून त्याने सीट उचलली. काट्याकडे जाणारी तार टाकीवरून सोडवली, तर काटा पार भरल्यावर गेला. तीच तार गाडीच्या लोखंडाला टेकवली, तर रिकाम्यावर आला. म्हणजे काटा बिचारा ठणठणीत, खोटं टाकीच्या आतून येत होतं. मग त्याने टाकीवरची चकती खोलून तरंगतं बूच दांडीसकट वर ओढलं आणि मला धरायला दिलं. माझा पदर पेट्रोलने भिजला. दांडीच्या सांध्यात एक सुपारी घट्ट अडकली होती.

मामांनी उसाकडे पाहिलं. "गाडी घेतली त्या दिवशी पूजेची सुपारी मीच टाकली आत. टाकी कधी रिकामी होऊ नये म्हणून."

"मग न्हाईच झाली की," गणपा म्हणाला, "काट्यावर."

कुपन आणि डबा घेऊन तो एका सायकलवाल्याच्या मागे बसून आष्ट्याला गेला. मी वाटी पदराखाली धरून बांधावर बसले. हळद कडेने सुकत चालली होती आणि मला खरोखर रडू येत होतं. नवरी पाटावर बसली असेल, तिच्या घरचे काय काय बोलत असतील.

सांगलीत पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. नवरीच्या मावशीने घरचीच हळद कालवायला घेतली होती, आणि नवरी तिला थांबवायला तिचा हात धरून बसली होती. मी वाटी पुढे केली. नवरीच्या आईने नाक मुरडलं.

"कसला वास येतोय हो?"

मामांनी उत्तरासाठी तोंड उघडलं.

"पेट्रोलचा," नवरी म्हणाली. "लावा आता. मी कधीची बसले आहे."

तिसऱ्या दिवशी परतलो. पुढे गणपा, मामा, मी आणि नवी वहिनी. नवरदेव मागे हौद्यात, ट्रंकांवर. काटा आता खरं बोलत होता. कराड जवळ आलं तसा तो पावच्याही खाली उतरला.

"काटा बिघडलेला दिसतो," मामा म्हणाले. "अजून पुष्कळ असेल."

वहिनीचा पदर डोक्यावर, नजर खाली, अगदी रीतीप्रमाणे. "मामा, पेट्रोल घ्या," ती म्हणाली. "नाहीतर मी इथेच उतरते."

मामांनी खिशातून कुपनं काढली.

गुडघ्यांमुळे आईला लग्नाला येता आलं नव्हतं. मामा तिचे पाठचे भाऊ, तिने त्यांना जन्मापासून पाहिलेलं. माप ओलांडून झाल्यावर तिने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळूच विचारलं, सून कशी आहे.

"कराडला तिच्या सांगण्यावरून मामांनी पेट्रोल भरलं," मी म्हणाले.

आईने हातातली पळी खाली ठेवली. "पुन्हा सांग," ती म्हणाली.