शेजारच्या प्लॉटमधली गाजरं

गाजराचा पाला मोडला की जो वास येतो, त्याने मला गाझियाबादची ती सकाळ आठवते. ह्यांना नव्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून आम्ही तिथल्या अर्ध्या बांधलेल्या कॉलनीत राहायला गेलो होतो. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर मी कोणाला न विचारताच गाजर आणि बीट पेरलं. बीट मुठीएवढं झालं, पण गाजरं दाट उगवली होती आणि उपटून विरळ करायला माझा जीव होत नव्हता, म्हणून ती बोटाएवढीच राहिली. त्या सकाळी प्लॉटचा मालक मजूर घेऊन आला आणि पाया आखायला चुन्याची रेघ थेट माझ्या वाफ्यातून ओढू लागला. "दुसऱ्याच्या जागेत पेरलंस, आता गप्प बस," हे खिडकीतून म्हणाले. गप्प बसायची मला सवयच होती. भाजीवाल्याशीसुद्धा मी नाही, हेच बोलायचे. पण मजुराने फावडं उचललं आणि मी धावत जाऊन वाफ्यात बसले. "भाईसाहब, पंद्रह दिन," एवढंच तोंडातून निघालं. "बहनजी, यहाँ मेरा घर बनेगा या आपकी सब्ज़ी?" मी उठले नाही. मालक मजुराकडे वळून म्हणाला, "चलो, उधर से शुरू करो." पंधरा दिवसांनी गाजरं काढली, तर तशीच बारीक, एकमेकांना पीळ घातलेली. "एवढ्यासाठी बसली होतीस?" म्हणून हे खूप हसले. पण तेव्हापासून बाजारात भाव मी विचारते आणि हे पिशवी धरून मागे उभे राहतात.